पदक घरात, विद्या वाऱ्यावर



सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या क्रीडाशिक्षकांच्या, प्रशिक्षकांच्या आणि तालमींच्या वस्तादांच्या या अधिवेशनाचं अध्यक्षपद मला दिलंत, त्याबद्दल आभार. माझ्याआधी या जागी बोलून गेलेल्यांची योग्यता मोठी होती, संयोजकांनी व्यवस्था चोख ठेवली आहे, जेवण वेळेवर मिळेल असा शब्द मला मिळाला आहे. रीतीचं बोलणं इथं संपलं असं समजा. अध्यक्षानं दोन्ही जिल्ह्यांच्या वाटचालीचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे, आणि तो घ्यायला सोपाही आहे. गोळेश्वरचे खाशाबा जाधव, 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सोनं आणणारे कवठेपिरानचे मारुती माने, सांगलीत जन्मलेले विजय हजारे आणि नंदू नाटेकर, रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावलेली माणमधल्या मोहीची ललिता बाबर, टोकियोला गेलेला सरड्याचा तिरंदाज प्रवीण जाधव, सांगलीत वाढलेली स्मृती मानधना, 2023 साली बर्लिनमध्ये विश्वविजेती झालेली साताऱ्याची अदिती स्वामी. ही नावं घेतली की टाळ्या पडतात आणि भाषण निम्मं पार पडतं. पण या यादीला एक रकाना कायम रिकामा राहत आला आहे. यांना कुणी शिकवलं, हे आपण जेमतेम सांगतो. यांनी खेळ थांबल्यावर पुढे कुणाला शिकवलं, हे तर विचारतही नाही. कैक वर्षं मनात धरून ठेवलेला हाच विषय आज मी काढणार आहे. बाकीचा आढावा छापील अहवालात आहे. तो घरी वाचा.

माझं म्हणणं थोडक्यात असं. खेळाडूची कारकीर्द आणि प्रशिक्षकाची कारकीर्द हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. पहिल्यातून दुसऱ्यात जायला वाट लागते, शिक्षण लागतं, पगार लागतो आणि चुकायला काही वर्षं लागतात. आपण यातलं काहीच देत नाही. खेळाडू थांबला की आपण दोनच गोष्टी करतो: एकतर त्याला सरकारी खुर्चीत बसवतो, नाहीतर गळ्यात शिट्टी अडकवून “आता पोरं घडवा” म्हणतो. पहिल्यात त्याची विद्या वाया जाते, दुसऱ्यात तो स्वतः. आणि दोन्ही वेळा आपण त्याचा सत्कार केलेला असतो, त्यामुळे आपलं काही चुकलं असं कुणालाच वाटत नाही.

खाशाबांचंच उदाहरण घेऊ. इथून गोळेश्वर लांब नाही. वडील दादासाहेब पैलवान, त्यामुळे पहिलं शिक्षण घरातलं, मातीतलं. 1948 साली लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हा आंतरराष्ट्रीय नियमांची मॅटवरची कुस्ती त्यांना नवी होती. तिथं रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाचं मार्गदर्शन लाभलं आणि फ्लायवेट गटात हा नवखा माणूस सहावा आला. पुढची चार वर्षं त्यांनी ती नवी विद्या आणि आपला ढाक हा डाव यांची सांगड घातली. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. 1952 च्या जुलैमध्ये बँटमवेट गटात कांस्य मिळालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावी बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग खाशाबांनी कुस्त्यांचं मैदान भरवून प्राचार्यांचं देणं फेडलं. ही गोष्ट आपण शाळाशाळांतून सांगतो आणि इथंच थांबतो. मला पुढची सांगायची आहे. 1955 साली ते पोलीस दलात फौजदार झाले, सत्तावीस वर्षं नोकरी करून सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, निवृत्तिवेतनासाठी झगडले, 1984 साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. दलात त्यांच्याकडे क्रीडाप्रशिक्षणाचं काम येत असे, हे मी नाकारत नाही. पण विचार करा. मातीतून मॅटवर कसं जायचं, परक्या पंचाच्या हातातला गुण कसा मिळवायचा, एका कुस्तीनंतर दम खायला सवड नसताना दुसरी कशी लढायची, हे त्या काळी या देशात अनुभवानं सांगू शकतील अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यातला सर्वांत पुढे गेलेला माणूस आपण बंदोबस्ताला आणि तपासाला लावला. कुस्तीतलं दुसरं ऑलिंपिक पदक यायला 2008 साल उजाडलं. छप्पन्न वर्षांच्या या खंडाला शंभर कारणं असतील. खाशाबा पोलिसात गेले म्हणून पदक आलं नाही, असला पोरकट हिशेब मी मांडत नाही. पण ते दुसरं पदक कुठून आलं ते बघा. सुशील कुमार दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियमवर तयार झाला. तिथं शिकवत होते सतपाल, 1982 च्या आशियाई स्पर्धेतले सुवर्णविजेते. आणि सतपाल शिष्य होते गुरू हनुमानांचे. तीन पिढ्यांची साखळी तिथं तुटली नाही, कारण मधल्या दुव्यानं शिकवणं हेच आपलं काम मानलं आणि त्याला ते करू दिलं गेलं.

अशी साखळी महाराष्ट्रात नव्हती असंही नाही. हरिश्चंद्र बिराजदार 1970 च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेत सोनं जिंकले आणि पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत शिकवायला उभे राहिले. त्यांच्या हाताखाली काका पवार तयार झाले. अर्जुन पुरस्कार मिळवून तेही थांबले नाहीत, कात्रजजवळ स्वतःचं संकुल उभं केलं. बिराजदारांच्या आणि पवारांच्या शिकवणीतला राहुल आवारे 2018 साली गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल सुवर्ण आणि पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्य घेऊन आला. मग आपण काय केलं? त्याला पोलीस उपअधीक्षक केलं. ललिता बाबर महसूल खात्यात गेली. या दोघांना मिळालेलं पद त्यांच्या घामाचं आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. उलट कुणाला ते खुपत असेल तर त्याच्याशी भांडायला मी उभा राहीन. तक्रार धोरणाविषयी आहे. 1955 साली सरकारला पदकविजेत्यासाठी एकच बक्षीस सुचलं: त्याला मैदानावरून उचलून कचेरीत बसवणं. इतक्या वर्षांनीही सरकारला तेच सुचतं. फरक इतकाच की फौजदाराऐवजी वरचा हुद्दा मिळतो. गुणवंत खेळाडूला जितकं मोठं बक्षीस, तितका तो मैदानापासून दूर. उद्या एखाद्या शल्यविशारदाला उत्तम शस्त्रक्रियेबद्दल तहसीलदार नेमलं, तर आपण हसू. इथं आपण हार घालतो.

यावर पहिला आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. खेळाडूच्या घरी चूल पेटायला हवी. सरड्याच्या मुलाला किंवा मोहीच्या मुलीला सरकारी नोकरी नाकारून सकाळ-संध्याकाळ मैदानावर उभं राहा असं सांगणारा मी कोण? बरोबर आहे. म्हणूनच दोष खेळाडूचा नाही. प्रशिक्षक म्हणून उभं राहायचं तर त्याला काय मिळतं ते सांगा. काही महिन्यांच्या करारावरचं मानधन, तेही वेळेवर मिळेल याची खात्री नाही. नाहीतर स्वतःच्या खिशातून चालवलेली अकादमी. शाळांची स्थिती आपल्याला ठाऊकच आहे. क्रीडाशिक्षक निवृत्त झाला की पद रिकामं राहतं आणि शिट्टी गणिताच्या नाहीतर भूगोलाच्या मास्तरांकडे जाते, कारण दहावीच्या सवलतीच्या गुणांचे अर्ज भरायला कुणीतरी लागतंच. प्रवीण जाधवला पहिल्यांदा ओळखलं ते जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकानं. अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे, दोघंही एकाच दिवशी विश्वविजेते झाले आणि दोघांचा सराव साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या अकादमीत चालला होता. उसाच्या शेजारच्या मोकळ्या रानातून जगज्जेते निघाले, याचा अभिमान आपण बाळगतो. मला त्यात थोडी लाजही वाटते. हे जे झालं ते व्यवस्थेमुळे झालं, असं म्हणायची सोय त्यात नाही.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे, आणि आपल्यातलेच अभ्यासू लोक तो घेतात. ते म्हणतात, मोठा खेळाडू चांगला प्रशिक्षक होतोच असं कुठं आहे? मग तो कचेरीत गेला तर बिघडलं काय? या आक्षेपाला पुरावा भरपूर आहे आणि मी तो लपवत नाही. क्रिकेटचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. 1990 साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला आणि त्यांनी काय घडवलं ते जगाला माहीत आहे. बास्केटबॉलकडे बघा, व्यावसायिक खेळाडूचा प्रशिक्षक होण्याचा हा प्रश्न त्या खेळाइतका कुठं तपासून निघालेला नाही. 1891 साली जेम्स नेस्मिथ यांनी तो खेळ शोधला. पुढे कॅन्सस विद्यापीठात ते प्रशिक्षक झाले आणि जिंकले 55 सामने, हरले 60. खेळ ज्यानं जन्माला घातला त्यालाच तो शिकवून जिंकता आला नाही! मॅजिक जॉन्सनसारखा असामान्य खेळाडू 1994 साली आपल्याच लेकर्स संघाचा प्रशिक्षक झाला, सोळा सामन्यांत पाच विजय आणि अकरा पराभव घेऊन बाजूला झाला. उलट फिल जॅक्सन. न्यूयॉर्कच्या संघात बहुधा राखीव बाकावरून उठून खेळायला येणारा माणूस. प्रशिक्षक म्हणून त्याच्या नावावर अकरा अजिंक्यपदं आहेत. आणि नावाजलेले प्रशिक्षक ग्रेग पोपोविच तर एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगमध्ये कधी खेळलेच नाहीत. एवढं सगळं मान्य करूनही आक्षेपकाचा निष्कर्ष मला पटत नाही. या उदाहरणांतून सिद्ध होतं ते एवढंच, की पदक ही शिकवण्याची पात्रता नाही. पदकवाल्याकडचं ज्ञान निरुपयोगी आहे, हे त्यातून निघत नाही. जॅक्सननं शिकागोच्या संघाचा प्रशिक्षक होण्याआधी काय केलं ते बघा: ऑल्बनीसारख्या लहान शहरातल्या दुय्यम लीगमधल्या संघाला वर्षानुवर्षं शिकवलं, पोर्तो रिकोतल्या स्पर्धांत संघ चालवले. म्हणजे त्याला उमेदवारी करायला जागा मिळाली. जॉन्सन थेट मोठ्या खुर्चीत बसला. बिल रसेल 1966 साली बोस्टनच्या संघाचा खेळाडू आणि प्रशिक्षक असा दोन्ही झाला. पहिल्या हंगामात अजिंक्यपद निसटलं, पुढच्या दोन्ही हंगामांत मिळालं. पण त्याआधी दहा वर्षं तो रेड ऑवरबाखसारख्या गुरूच्या हाताखाली होता, आणि प्रशिक्षक झाल्यावरही ऑवरबाख संघाचा कारभार बघायला मागे उभेच होते. प्रतिभा कमी-अधिक असेल, पण दोन कामांच्या मधली उमेदवारी यशस्वी झालेल्या कुणालाच चुकली नाही, आणि ज्यानं ती चुकवली तो तोंडावर पडला.

आपल्याकडचं ताजं उदाहरण कबड्डीचं. 2014 पासून प्रो कबड्डीनं आपल्या मुलांना पहिल्यांदा व्यावसायिक खेळाडू केलं. वाळवा तालुक्यातल्या कासेगावचा काशिलिंग आडके दबंग दिल्लीसाठी चढाया करताना आपण दूरचित्रवाणीवर पाहिला. भारताचा कर्णधार अनुप कुमार 2018 साली निवृत्त झाला आणि पुढच्याच हंगामात पुणेरी पलटणचा प्रशिक्षक म्हणून उभा राहिला. पहिल्या हंगामात संघ तळाच्या बाजूला राहिला आणि लगेच कुजबुज सुरू झाली की खेळणं वेगळं, शिकवणं वेगळं. पुढच्या हंगामात त्याच अनुपच्या हाताखाली पलटण बाद फेरीत पोहोचली. त्याच पलटणला 2024 साली अजिंक्य करणारे बी. सी. रमेश हेही भारताचे जुने खेळाडूच; पण तोवर त्यांनी बंगालच्या संघाला अजिंक्यपद मिळवून दिलं होतं, प्रशिक्षक म्हणून हात घोटवला होता. लीगकडे पैसा आहे, म्हणून तिथं माणसाला दुसरा हंगाम मिळतो. आपल्या तालुक्याच्या क्रीडासंकुलात मिळतो का?

आता आपल्याच जतची गोष्ट. ही गोष्ट मला सर्वांत आवडते आणि आपण ती सर्वांत कमी सांगतो. क्लॅरी ग्रिमेट हा ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर. 37 कसोटींत 216 बळी, कसोटीत दोनशेचा टप्पा ओलांडणारा जगातला पहिला गोलंदाज. 1938 साली इंग्लंडच्या दौऱ्यासाठी त्याला वगळलं गेलं, तेव्हा तो सेहेचाळीस वर्षांचा होता. त्या सुमारास जत संस्थानच्या अधिपतींनी त्याला प्रशिक्षक म्हणून बोलावलं. दुष्काळासाठी प्रसिद्ध असलेल्या, ज्वारी-बाजरीच्या त्या माळावर जगातला सर्वाधिक बळींचा मानकरी शिकवायला येऊन राहिला. त्याचं मार्गदर्शन मिळालेल्यांत विजय हजारे होते, सांगलीत जन्मलेले. हजारे तेव्हा गोलंदाज म्हणूनही गणले जात; पुढे त्यांनी प्रथम श्रेणीत 595 बळी घेतले. पण जगानं त्यांना लक्षात ठेवलं ते फलंदाज म्हणून: अॅडलेडला एकाच कसोटीत 116 आणि 145, आणि 1952 साली मद्रासला भारताच्या पहिल्या कसोटी विजयाचं कर्णधारपद. गोलंदाजानं शिकवावं आणि फलंदाज मोठा व्हावा, याचा अर्थ लावायला हवा. ग्रिमेट नुसता खेळाडू नव्हता. खेळत असतानाच त्यानं गोलंदाजीवर पुस्तकं लिहिली होती. पहिलं 1930 सालचं. आपण काय करतो, का करतो, समोरच्या फलंदाजाला काय दिसतं, याचा विचार त्यानं कागदावर उतरवला होता. तो शिकवू शकला यात मला नवल वाटत नाही. आणि त्याला पोसायला एक संस्थान होतं, हेही विसरू नका.

हे विसरतात म्हणूनच तिसरा आक्षेप निघतो, तो आपल्या तालमींतून. वस्ताद सांगतात, आमच्याकडे गुरू-शिष्यांची परंपरा आहे, विद्या फुकट द्यायची असते, पतियाळाचं प्रमाणपत्र घेऊन कुणी वस्ताद होत नाही. या आक्षेपाचा मी आदर करतो, पण तो अर्धाच खरा आहे. विद्या फुकट दिली जात होती, कारण वस्तादाचा खुराक दुसरं कुणी पुरवत होतं. कोल्हापूरला शाहू महाराज होते, औंधला व्यायामाचं वेड घेतलेले बाळासाहेब पंतप्रतिनिधी होते, गावागावांत जत्रेच्या मैदानाची वर्गणी होती. संस्थानं गेली, मैदानांची इनामं पैलवानाकडे जातात, वस्तादाच्या पदरी पठ्ठ्यानं घातलेला फेटा येतो. फेट्यावर दूध-तूप मिळत नाही. जो त्याग आधार असताना शक्य होता, तो आधार काढून घेतल्यावरही चालू ठेवा, असं आपण वस्तादाला सांगतो आणि त्याला परंपरा म्हणतो. राहिला प्रमाणपत्राचा मुद्दा. 1961 सालापासून पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे. तिथला अभ्यासक्रम करून आलेला प्रत्येकजण शिकवायला लायक असतो असं नाही, हे मी मान्य करतो. पण वजन उतरवणाऱ्या पोराच्या शरीरात काय होतं, वाढत्या वयातल्या गुडघ्यावर किती बैठका सोसतात, उत्तेजकांच्या यादीत कोणतं औषध आहे, हे परंपरा सांगू शकत नाही, कारण परंपरा घडली तेव्हा हे प्रश्न नव्हते. ज्याला यातलं ठाऊक नाही अशा वस्तादाच्या पठ्ठ्याचं पदक चाचणीत जातं, आणि मग वस्ताद म्हणतो नशीब. 2023 साली सांगलीनं महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरवली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. मुलींना शिकवणं ही तर आणखी वेगळी विद्या आहे; तिच्यासाठी मागची परंपरा जवळपास कोरी आहे. या पहिल्या पिढीतल्या मुली उद्या प्रशिक्षक झाल्या नाहीत, तर दुसरी पिढी पुन्हा शून्यापासून सुरू करील. त्यांनाही आपण एखाद्या खात्यात नेमून मोकळे होणार काय?

मग करायचं काय, असं आपण विचाराल. माझ्याकडे तयार योजना नाही, दिशा आहे. थेट नियुक्ती मिळालेल्या खेळाडूंना काही वर्षं पगार आणि ज्येष्ठता न गमावता प्रतिनियुक्तीवर मैदानात आणता येईल का, हे सरकारला विचारायला हवं. अधिकारी शिकायला परदेशी जातात तेव्हा हे जमतं, मग शिकवायला जिल्ह्यात का जमू नये? नव्या प्रशिक्षकाला जुन्याच्या हाताखाली पगारी उमेदवारी मिळावी. रयत शिक्षण संस्थेसारख्या या मातीतल्या मोठ्या संस्थांनी त्यात पुढाकार घ्यावा, असं मला वाटतं, पण त्यांच्याशी बोलणं अजून व्हायचं आहे. जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या वस्तादांचे डाव, त्यांची मेहनत घेण्याची पद्धत, कुणाला काय जमलं आणि काय फसलं, हे चित्रफितीवर आणि कागदावर उतरवायला एक समिती नेमावी. ग्रिमेटनं लिहिलं म्हणून ते उरलं. खाशाबांची ढाक कशी बसायची, हे आज नीट सांगणारा माणूस शोधावा लागतो. समितीत कोण, पैसा कुणाचा, किती दिवसांत, यातलं काही ठरलेलं नाही. ते दुपारच्या खुल्या बैठकीत ठरेल. तिथं मी अध्यक्ष नसेन, समोर बसलेला असेन, त्यामुळे भांडायला मोकळा असेन. क्रीडाखात्याचे जे अधिकारी आता व्यासपीठावर आहेत त्यांनी जेवून लगेच निघू नये, एवढी विनंती करतो.